बांधाच्या दोन्ही बाजूंचा फेर

अक्का, तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तुमच्या अमोलनं मला अंगणात गाठलं. "काकू, यंदा आमच्या तिन्ही वावरांत कांदा लावायचा हाये. ओढ्याच्या वावरात पण. तिथं हरभरा नका पेरू." मी कप विसळत होते. म्हटलं, "ओढ्याच्या वावरात अजून दोन हिवाळे कांदा नाही. तुझ्या आईनंच ठरवलंय." तर म्हणतो कसा, "आईनंच तर मागच्या साली तिथं दोन वाफे करून पाह्यले. एकदम चोख आले व्हते. तुम्ही व्हत्याच की संगं."

होते मी संगं. तेच तर दुखणं आहे.

म्हणून ही वही घेऊन बसलेय. खरं तर तुमच्या फोटोसमोर बसून बोलणार होते. पण फोटो आधारकार्डावरचा मोठा करून आणलाय, आणि त्यात तुम्ही अशा बघताय, जणू मी आत्ताच तुमच्या मेथीतून गाय घातलीय. तुम्ही हसायला लागलात की गालाला खळी पडायची, ते त्या फोटोत कुठंच नाही. वहीचं बरं असतं, ती बघत नाही.

आज बुधवार. रविवारी अमोल पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून सुट्टीवर येईल. तोवर मला ठरवायचंय की जी गोष्ट मी तुम्हाला सात वर्षं सांगितली नाही, ती त्याला सांगायची का. सांगितली नाही तर तो ओढ्याच्या वावरात कांदा लावणार आणि ते वावर पुन्हा नासणार, हे मला स्वच्छ दिसतंय. सांगितली तर वावर वाचेल, पण मी त्याची काकू राहीन की नाही, ते माहीत नाही. जमिनीत पेरणीपुरती ओल आहे, हरभऱ्याचं बी खोलीत तयार आहे, आणि ओल कोणासाठी थांबत नाही.

मोठी जाऊ म्हणजे दुसरी सासू, असं बजावूनच मला माहेराहून चांदवडला पाठवलं होतं. मी द्राक्षाच्या गावची. आमच्याकडे बाग एकदा लावली की वर्षानुवर्षं जागच्या जागी. त्यामुळे इथं दर हंगामाला पिकं जागा बदलतात, हे बघून मला हसूच यायचं. मी तुम्हाला तसं म्हटलंही होतं, की तुमच्या वावरांत पिकं बिऱ्हाडं बदलतात. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही मुगाचं एक रोपटं मुळासकट उपटलंत. मुळांना बारीक बारीक गाठी होत्या. एक गाठ नखानं फोडलीत, तर आतून गुलाबी. "ही जिती हाये," तुम्ही म्हणालात. "ही जमिनीला खाऊ घालती." मी बारावी सायन्स, गप्प बसणार कशी? म्हटलं, "अक्का, हे नत्र. यातले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात." तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत. "व्हय का? मंग तुला सगळंच येतं. उद्यापासनं निंदायला तू पुढं." आणि खरंच दुसऱ्या दिवशी मला पहिल्या ओळीला लावलंत.

पुस्तकात त्याला पिकांची फेरपालट म्हणतात, आपल्या घरात नुसता फेर. सहा वावरं, आणि कुठल्याही वावरात तीन हिवाळ्यांतून एकदाच कांदा. दर साली दोन वावरांत कांदा, बाकी चारांत हरभरा, गहू, मका. पावसाळ्यात मूग, सोयाबीन, बाजरी. कांद्याची मुळं वीतभर जातात आणि वरवरचं तेवढं खाऊन घेतात, म्हणून त्याच्यामागून असं पीक हवं जे खोल जाईल, पाला गाळेल, काहीतरी ठेवून जाईल. आधीचं पीक जमिनीत जे ठेवून जातं त्याला तुम्ही बेवड म्हणायचात. हरभऱ्याचा बेवड चांगला, कांद्याचा बेवड कांद्यालाच वाईट. का वाईट, असं मी एकदा विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणालात, "दरसाल एकच पाव्हणा जेवायला आला तर घरातले तेच तेच डबे रिकामे व्हता. आन त्याच्या मागं येणाऱ्या माश्यांना घराचा पत्ता पाठ व्हतो." जमिनीतल्या बुरशीबद्दल याच्याइतकं सोपं मला पुढे कोणत्याही शिबिरात कुणी सांगितलं नाही.

मग वाटण्या झाल्या. मोजणी आली, दगड रोवले गेले. ओढ्याकडची तीन वावरं तुमच्याकडे, विहिरीकडची तीन आमच्याकडे. नेमकी त्या हिवाळ्यात कांद्याची दोन्ही वावरं आमच्या वाट्याला आली होती. आमचे हे खूश, मोठे दीर तोंड पाडून बसलेले. आणि तुम्ही खुरपं घेऊन थेट बांध ओलांडून माझ्याकडे आलात. "सुमन, जमीन त्यांनी वाटली. फेर कुणी वाटला? कागदात फेर कुठं लिवलाय, दाखव मला." कागदात नव्हताच. त्या दिवशी दोघींनी ठरवलं की कांदा कोणाच्याही वावरात येवो, काढणीला निम्मा तुमचा, निम्मा माझा, आणि हरभऱ्याचंही तसंच. दोघा भावांनी कुरकुर केली. पण खुरपी आपल्या हातात होती, त्यामुळे त्या कुरकुरीला कुणी विचारलं नाही. मोठे दीर गेले तेव्हाही फेर मोडला नाही. गावाला जावा-जावांचा हेवादावा बघायचा होता, तो काही मिळाला नाही. भांडणं मात्र आपण भरपूर पुरवली.

मक्याचंच घ्या. मी म्हणायचे, मका खादाड आहे, त्याला फेरात घेणं म्हणजे दमलेल्या बैलाला चढावर जुंपणं. तुम्ही म्हणायचात, मक्याची मुळं झाडूसारखी, जमीन झाडून काढतात, आणि कांद्याचा रोग मक्याला ओळखत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूच्या माळा ओवतानासुद्धा आपण यावरच भांडलो. तुम्ही म्हणालात, "तू मका नको लावू, पण त्याचा भरडा माझ्याकडनं नेती ते बंद कर मंग." मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, अक्का. चांगलं झणझणीत होतं. चार दिवसांनी तुम्ही सकाळी गोठ्यात बसल्या बसल्या गेलात आणि उत्तर माझ्यापाशीच राहिलं. आता वाद मी जिंकले म्हणायचं, तर समोर कोणी नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. मी इकडचं तिकडचं लिहितेय, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल.

नऊ-दहा वर्षांपूर्वी कांद्याचा भाव चढला होता ते साल आठवा. विंचूरच्या मार्केटमधून लोक पेढे घेऊन यायचे. माझ्या बाभळीच्या वावरात त्या साली कांदा होता, तो उत्तम गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथं हरभऱ्याची पाळी होती. मी म्हटलं, पुन्हा कांदाच लावते. तुम्ही नको म्हणालात. मी म्हटलं, "हरभरा काय, कधीही पेरता येतो. भाव काय दरवर्षी असतो?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाव बाजारात ऱ्हातो, पीक वावरात. तू कुठं ऱ्हाती, ते आधी बघ." मी ऐकलं नाही. तुम्ही भांडला नाहीत. एवढंच म्हणालात की बाभळीचा कांदा मग तुझा तूच घे, फेराबाहेरचं मला नको.

आणि झालं असं की तो कांदा दणदणीत आला! मी सगळ्यात मोठा कांदा मुद्दाम तुमच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तुम्ही तो भाकरीबरोबर खाल्लात आणि सकाळी म्हणालात, "ग्वाड हाये. पण हा जुन्या बेवडावर आलाय, तुझ्या अकलेवर नाय." मला राग आला. रागारागात तिसऱ्या हिवाळ्यातही तिथं कांदा लावला.

तिसऱ्या सालचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. पात पिवळी पडली, एवढं तुम्ही बांधावरून पाहिलंत. मी म्हटलं, पाणी कमी पडलं. प्रत्यक्षात बुडखे सडत होते. वरून बरा दिसणारा कांदा काढून कांदाचाळीत भरला, तर महिन्याभरात चाळीखालून पाणी वाहायला लागलं. तुम्ही तेव्हा सटाण्याला भाचीच्या लग्नाला गेला होतात. चार दिवस. त्या चार दिवसांत मी चाळ निवडली आणि पाट्याच्या पाट्या सडका कांदा निघाला. तो कुठं टाकायचा, याचा तुमचा नियम पक्का होता. रस्त्यापलीकडच्या मुरमाच्या खड्ड्यात. शेणात कधीच नाही, कारण शेण सगळीकडे जातं. पण खड्डा रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसणारा. तुम्ही सटाण्याहून येताना एसटीतून उतरलात की पहिला तोच बघणार. तुम्ही मला बोलला असतात तर चाललं असतं, मी दोन शब्द परत बोलले असते. पण तुम्ही काहीच बोलला नसतात, आणि ते मला नको होतं.

गोठे वेगळे झाले तरी उकिरडा आपला एकच राहिला होता. मी सगळा सडका कांदा त्या उकिरड्यात घातला. वर शेण, वर सोयाबीनचं भुस्कट. तुम्ही आलात, नाक मुरडलंत, विचारलंत वास कसला. मी म्हटलं, घूस मेली असेल.

उन्हाळ्यात खत भरायची वेळ आली. खतालाही फेर होता, आणि त्या साली पाळी ओढ्याच्या वावराची होती. तुमचं सगळ्यात लाडकं वावर. ट्रॉल्या भरून जात होत्या आणि मी पदर तोंडाला बांधून उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, उकिरड्यात इतकी उष्णता असते, सगळं जळून गेलं असेल. बारावी सायन्स ना! तुम्ही ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगत होतात, कोपऱ्यात जाऊ नको, तिथं गाईचा घास उभा आहे. म्हणून ओढ्याच्या काठचा चाऱ्याच्या घासाचा तेवढा तुकडा सोडून सगळ्या वावरात ते खत पसरलं.

पुढच्या हिवाळ्यात तिथं कांदा होता. नेमकं तुमचं घरचं रोप परतीच्या पावसानं बसलं, आणि तुम्ही जन्मात पहिल्यांदा बाहेरून रोप विकत आणलंत. माघात पात लोळायला लागली. तुम्ही वाफ्यात बसून एक एक कांदा उपटत होतात आणि मुळं नसलेला बुडखा हातात येत होता. मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातानं मी रोग घरात आणला, सुमन. बाहेरचं रोप आणलं." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, अक्का, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी फक्त मोठे दीर गेले तेव्हा पाहिलं होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, जाऊ द्या.

त्या रोपवाल्याशी तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. बचत गटात बायकांना सांगत राहिलात, माझ्यासारखी चूक करू नका. बायका माना डोलवायच्या आणि मी सतरंजीचे धागे उपसत बसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण नुसतं खवखवून काय उपयोग, तोंड उघडायला हवं होतं. अक्का, रोप चांगलं होतं. तुमचं रोप चांगलं होतं. घाण माझी होती.

एक मात्र खरं. त्यानंतर तुम्ही त्या वावराला ज्या चिकाटीनं परत आणलंत, ती मी जवळून पाहिली, आणि त्याबद्दल मी कुणाशीही पैज लावीन. कांदा नाही, लसूण नाही. मका, मग हरभरा, बाजरी, मग गहू, मूग, मोहरी, पुन्हा हरभरा. मका काढताना मी नाक मुरडायचे आणि तुम्ही मुद्दाम माझ्याकडे बघून हसायचात. पहिली दोन वर्षं पाऊस पडला की जमिनीवर पापडी धरायची. चौथ्या वर्षी ढेकूळ हातात घेतलं की आपोआप फुटायचं, आत गांडुळं दिसायची. माझ्या बाभळीच्या वावराचंही मी तुमचं बघून तसंच केलं. पाच हिवाळे कांदा दाखवला नाही, आणि मग मधोमध दोन वाफे करून पाहिले. साफ निघाले. ज्याला शंका असेल त्यानं येऊन मुळं बघावीत. जमिनीला नीट पाळी दिली तर ती परत येते, हे मी आता कुणाच्याही तोंडावर सांगू शकते. तुमच्यामुळे सांगू शकते.

आणि मग मागचा हिवाळा. ओढ्याच्या काठचा घास जुना झाला म्हणून तुम्ही मोडला होतात. तो तुकडा मोकळा, घासाचा बेवड उत्तम, म्हणून तिथंच तुम्ही कांद्याचे दोन वाफे लावलेत, जमीन बरी झाली का बघायला. मार्चमध्ये मला हाक मारलीत. एक कांदा उपटून माझ्या हातात दिलात. पांढरीशुभ्र मुळं, दाट, मिशीसारखी. "बघ सुमन. गेला रोग. अजून दोन हिवाळे थांबू, मंग पुरं वावर." तुमच्या गालाला खळी पडली होती.

आणि मला कळत होतं की यानं काहीच सिद्ध होत नाही. त्या तुकड्यात ते खत कधी पडलंच नव्हतं. तिथं रोग कधी गेलाच नव्हता, तर तो जाणार कुठून? कदाचित बाकीचं वावरही बरं झालं असेल, मला तर वाटतं झालंच असेल. पण कोपऱ्यातल्या वाफ्यांना ते विचारून काय कळणार. एवढं सांगायला मला तेव्हा एक मिनिट पुरलं असतं. मी तो कांदा हातात धरून म्हटलं, "वा, अक्का." तुम्ही हसलात म्हणून मीही हसले.

आता अमोल तेच दोन वाफे मला दाखवतोय. त्याचंही अगदी चूक नाही. यंदा कांद्याची पाळी माझ्या विहिरीच्या आणि रस्त्याच्या वावरात आहे. म्हणजे मोबाइलवर सरकारी पीक पाहणी भरली की त्याच्या नावावर नुसता हरभरा दिसणार आणि माझ्या नावावर कांदा. "निम्मा माल देता तुम्ही, ते खरं. पण फेर फेर करून कांदा तुमच्याच नावावर," असं तो मला म्हणाला. तुम्ही होतात तोवर हे म्हणायची त्याची छाती नव्हती. आणि माझ्याकडे त्याला द्यायला दुसरा कुठलाही पुरावा नाही. फक्त माझी घाण आहे.

इथवर लिहून वही मिटली होती. आज शुक्रवार, मधे नऊ दिवस गेले.

सांगितलं मी त्याला. रविवारी सकाळी, ओढ्याच्या वावराच्या बांधावर. आधी वाटलं होतं चहा करून, बसवून सांगावं. पण मग मी गोड बोलून निम्मंच सांगितलं असतं, मी मला ओळखते. म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. उकिरडा, घूस, ट्रॉल्या, घासाचा तुकडा. तो ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे वळून बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे आई इतकी वर्षं सोताला दोष देत राह्यली."

"हो."

"आन तुम्ही शेजारी बसून ऐकत राह्यल्या."

"हो."

"मंग आता कशाला सांगून राह्यल्या? ती व्हती तव्हा सांगायचं ना, काकू. बैल गेला आन झोपा केला!" त्याचा आवाज फाटला. तुमच्या तेराव्यात न रडलेला पोरगा तिथं रडला, अक्का, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क नव्हता. मी म्हटलं, "ती होती तेव्हा माझी हिंमत झाली नाही. आता तू कांदा लावणार म्हणून झाली. मला शिव्या दे, पण या वावरात अजून कांदा लावू नकोस. आधी मधोमध दोन वाफे करून बघ." त्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला.

सोमवार, मंगळवार, बुधवार त्यानं फोन घेतला नाही. आमच्या ह्यांनाही सगळं सांगून टाकलं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, वहिनीला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, वाढू का आणखी? रोज जाऊन ओल बघत होते. वरची माती फिकी पडत चालली होती. मला वाटलं, जमीन भावांनी वाटली तेव्हा टिकलेला फेर आता माझ्या हातानं मोडला.

काल सकाळी ओढ्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मी बाहेर आले तर अमोल दारात. रजा टाकून आलेला. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, "हरभऱ्याचं बी द्या." मी पोती दाखवली, त्यानं खांद्यावर घेतली. जाता जाता पाठमोराच म्हणाला, "तुमच्याशी बोलायला मला येळ लागंल, काकू. लय येळ लागंल. पण ओल उडून चाललीय."

मी मागून गेले. पेरणी सुरू होती. दुपारपर्यंत वावर झालं, पण मधली थोडी जागा त्यानं ट्रॅक्टरवाल्याला सोडायला लावली होती. तिथं तो वाफ्यांच्या खुणेसाठी चार काटक्या घेऊन उभा. माझ्याकडे न बघता एक काटकी जमिनीवर टेकवून म्हणाला, "इथं?"

"थोडं अलीकडं. या बाजूला खत जास्त पडलं होतं."

त्यानं काटकी अलीकडे रोवली. चारही रोवून झाल्या. मला वाटलं, आता निघेल. पण तो हात झटकत तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "आन पुढच्या साली कांदा कुठं?"

मी सांगितलं. मग त्याच्या पुढच्या सालचं सांगितलं, त्याच्याही पुढच्या सालचं सांगितलं, तुम्ही जसं सांगायचात तसं, एकेका वावराचं नाव घेऊन, मका कुठं तेसुद्धा. अमोलनं मोबाइल काढला होता आणि मान खाली घालून तो लिहून घेत होता, तुमची तीन आणि माझी तीन, सहाही.